हाक इकडून, हाक तिकडूनही: दुतर्फी आरपीसी पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी लावली, ॲप उघडलं आणि ‘चार्जिंग सुरू करा’वर बोट ठेवलं. ॲपची विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते. इथवरचं सगळं रेस्ट एपीआय लिहिणाऱ्याला ओळखीचं असतं. घोडं अडतं ते पुढे. आता सर्व्हरला चार्जरला काम सांगायचंय आणि ते त्याने ऐकलं की नाही, याचं उत्तरही हवंय. चार्जर तर बेसमेंटमध्ये, सिमकार्डवर, मोबाइल कंपनीच्या नॅटमागे (अनेक उपकरणांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवणारी व्यवस्था) बसलेला. त्याला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नाही, त्यामुळे बाहेरून त्याच्याकडे कनेक्शन उघडताच येत नाही.

चार्जरने दर दहा सेकंदांनी ‘काही काम आहे का?’ असं विचारत राहणं हा एक उपाय झाला. तो चालतोही. पण गिऱ्हाईक बटण दाबून दहा सेकंद ताटकळतं, आणि हजारो चार्जर दिवसभर ‘नाही’ एवढंच उत्तर ऐकण्यासाठी डेटा जाळत बसतात. त्यापेक्षा चार्जरनेच एकदा कनेक्शन उघडावं, ते धरून ठेवावं, आणि त्याच कनेक्शनवरून दोघांनी एकमेकांची फंक्शन्स बोलवावीत. यालाच दुतर्फी आरपीसी (रिमोट प्रोसिजर कॉल, म्हणजे दूरच्या मशीनवरचं फंक्शन बोलवणं) म्हणतात. कनेक्शन कोणी उघडलं आणि कॉल कोण करतंय, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढं डोक्यात पक्कं बसलं तर पुढचं बरंच सोपं जातं.

दूरच्या मशीनवरचं फंक्शन जवळच्यासारखं बोलवायची कल्पना काही नवी नाही. झेरॉक्स पार्कमधल्या बिरेल आणि नेल्सन यांचा यावरचा प्रसिद्ध शोधनिबंध १९८४ चा आहे. पण त्यात भूमिका ठरलेल्या होत्या: एक हाक मारणार, दुसरा ओ देणार. दोघांनीही हाका मारायला सुरुवात केली की काही अडचणी नव्याने उभ्या राहतात. या लेखाचा मोठा भाग त्यांच्यावरच आहे. तुम्ही पायथनमध्ये असिंक-अवेट थोडंफार वापरलंय असं मी धरून चालतो.

उदाहरण कोणतं घ्यायचं

चॅट ॲपचं उदाहरण सगळेच देतात, पण त्यात कॉल आणि उत्तर असं नातं फारसं नसतं. आपण ओसीपीपी, म्हणजे ओपन चार्ज पॉइंट प्रोटोकॉल, घेऊ. चार्जर आणि मध्यवर्ती सर्व्हर यांच्यात बोलण्यासाठीचा हा खुला प्रोटोकॉल. त्याची सुरुवात नेदरलँड्समध्ये झाली, आता ओपन चार्ज अलायन्स ही संस्था तो सांभाळते. २०१५ साली आलेली १.६ ही आवृत्ती आपल्याला पुरे. २.०.१ आणि २.१ त्यानंतर आल्या, पण शिकायला १.६ सुटसुटीत आहे आणि प्रत्यक्ष चार्जरांमध्येही ती भरपूर भेटते.

१.५ पर्यंत हा प्रोटोकॉल ‘सोप’वर (एक्सएमएल मेसेज पाठवायची जुनी पद्धत) चालायचा. त्यात सर्व्हरला चार्जरशी बोलायचं तर चार्जरनेही स्वतःचा एचटीटीपी सर्व्हर चालवायला लागे. म्हणजे पुन्हा नॅटचं तेच रडगाणं. १.६ मध्ये वेबसॉकेटवर (दोन्ही दिशांनी मेसेज नेणारं, उघडं राहणारं कनेक्शन) जेसन पाठवायची सोय आली आणि प्रश्न मुळातूनच सुटला: चार्जर आतून बाहेर कनेक्शन उघडतो, मग त्यावर दोघेही बोलतात.

पहिली पायरी: मेसेजचा साचा

ओसीपीपी १.६ मध्ये तीनच प्रकारचे मेसेज आहेत. प्रत्येक मेसेज म्हणजे जेसनचा एक ॲरे, आणि त्यातला पहिला आकडा प्रकार सांगतो. २ म्हणजे कॉल, ३ म्हणजे उत्तर, ४ म्हणजे चूक. तारेवर हे सगळं रोमन अक्षरांत जातं. इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय. चार्जर सुरू झाल्यावर ‘मी आलोय’ असं सर्व्हरला कळवतो तो कॉल असा:

[२, "अ-४१", "बूटनोटिफिकेशन", {"चार्जपॉइंटव्हेंडर": "नमुना", "चार्जपॉइंटमॉडेल": "एन-१"}]

त्याचं उत्तर असं येतं:

[३, "अ-४१", {"स्टेटस": "ॲक्सेप्टेड", "करंटटाइम": "…", "इंटरव्हल": ३००}]

उत्तरात फंक्शनचं नाव कुठेच नाही, हे पाहिलंत? हे ‘अ-४१’चं उत्तर आहे, एवढंच त्यात लिहिलंय. ‘अ-४१’ म्हणजे काय विचारलं होतं हे विचारणाऱ्याने लक्षात ठेवायचं. हा आयडी ३६ अक्षरांपर्यंत असू शकतो, म्हणजे एक यूयूआयडी (यदृच्छ बनवलेला, सहसा पुन्हा न येणारा आयडी) त्यात बरोबर मावतो. तोच वापरा. १, २, ३ असे चढते आकडे सुरुवातीला बरे वाटतात, पण प्रोसेस रीस्टार्ट झाला की पुन्हा १ पासून सुरू होतात आणि लॉग वाचताना डोक्याला ताप होतो.

नवख्यांना इथे एक शंका हमखास येते: दोन्ही बाजू आपापले आयडी बनवतात, मग दोघांनी एकाच वेळी ‘४१’ वापरला तर? काही बिघडत नाही. प्रकार ३ किंवा ४ आला तर तो माझ्या कॉलचं उत्तर आहे, म्हणून मी माझ्या अनुत्तरित कॉलच्या यादीत (हीच पुढची ‘पेंडिंग यादी’) शोधतो. प्रकार २ आला तर तो समोरच्याचा कॉल आहे, माझ्या यादीशी त्याचा संबंध नाही. जेसन-आरपीसी २.० मध्ये प्रकाराचा आकडा नसतो. तिथे ‘मेथड’ हे फील्ड असलं तर कॉल, ‘रिझल्ट’ किंवा ‘एरर’ असलं तर उत्तर, असं ओळखायचं. तिथे आयडीच नसलेला मेसेज म्हणजे नोटिफिकेशन, त्याला उत्तर द्यायचंच नाही. ओसीपीपी १.६ मध्ये मात्र प्रत्येक कॉलला उत्तर द्यावंच लागतं, अगदी रिकामं का असेना.

चूक कळवणाऱ्या (प्रकार ४ च्या) मेसेजमध्ये आयडीनंतर ठरलेला एरर कोड, मग वर्णन, मग तपशील येतो. कोड नावांनी असतात: नॉटइम्प्लिमेंटेड, फॉर्मेशनव्हायोलेशन, इंटरनलएरर वगैरे. यातल्या ‘ऑकरन्सकन्स्ट्रेंटव्हायोलेशन’च्या स्पेलिंगमध्ये १.६ च्या मूळ दस्तऐवजातच एक ‘आर’ कमी आहे. शुद्धलेखनाच्या मोहात पडून तो सुधारू नका, समोरचा ओळखणार नाही.

दुसरी पायरी: कनेक्शन

पिप वापरून ‘वेबसॉकेट्स’ हे पॅकेज बसवा. तयार ओसीपीपी लायब्ररीही मिळतात आणि खऱ्या कामाला त्याच घ्याव्यात, पण एकदा हाताने लिहिल्याशिवाय त्यांच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही.

चार्जर ज्या पत्त्यावर जोडतो, त्याच्या शेवटी त्याची स्वतःची ओळख असते, समजा ‘पुणे-०७’. सर्व्हरने हँडशेकच्या वेळी तीन गोष्टी पाहायच्या. पत्त्याच्या शेवटची ओळख आपल्या नोंदीत आहे का? नसेल तर ४०४ देऊन तिथेच थांबा. क्लायंटने सबप्रोटोकॉल म्हणून ओसीपीपी १.६ मागितला आहे का? आणि पासवर्ड बरोबर आहे का? सबप्रोटोकॉलचं नाव लहान (स्मॉल) रोमन अक्षरांत आणि मध्ये स्पेस न सोडता लिहायचं असतं. ‘कनेक्शन होतं आणि लगेच तुटतं’ अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासतो.

सगळं जुळलं की सर्व्हर १०१ देतो, एचटीटीपी बाजूला होतं आणि वेबसॉकेट सुरू होतो. आता सर्व्हरने ‘पुणे-०७’ या ओळखीसमोर हे कनेक्शन एका डिक्शनरीत नोंदवून ठेवायचं. उलट्या दिशेचा कॉल करताना हीच नोंद लागणार आहे.

तिसरी पायरी: वाचणारा एकच, आणि तो कधी थांबत नाही

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. इथे घाई करू नका.

नवखा माणूस पहिला कॉल साधारण असा लिहितो: मेसेज पाठव, लगेच पुढचा मेसेज वाच, तेच उत्तर समज. एकतर्फी आरपीसीत हे खपून जातं. दुतर्फीत नाही, कारण पुढचा मेसेज तुमचं उत्तरच असेल याची काहीही खात्री नाही. तो समोरच्याचा कॉल असू शकतो. चार्जरने ‘स्टेटसनोटिफिकेशन’ (आपली स्थिती कळवणारा कॉल) पाठवण्याची वेळ आणि तुम्ही काही विचारण्याची वेळ एकच आली, तर तुमचा कोड त्याच्या कॉललाच उत्तर समजून बसेल. शिवाय दोन ठिकाणांहून एकाच कनेक्शनवर एकाच वेळी वाचायला गेलात, तर वेबसॉकेट्स पॅकेज सरळ एक्सेप्शन फेकतं.

म्हणून प्रत्येक कनेक्शनला वाचणारा लूप एकच. त्याचा आराखडा एवढाच:

कनेक्शन उघडं असेपर्यंत:
  पुढचा मेसेज वाच
  प्रकार २ असेल तर: हँडलरसाठी (तो कॉल हाताळणाऱ्या फंक्शनसाठी) वेगळं टास्क सोड आणि पुढे चल
  प्रकार ३ किंवा ४ असेल तर: पेंडिंग यादीतून तो आयडी काढ, वाट पाहणाऱ्याला उत्तर दे
  बाकी काहीही असेल तर: लॉग कर आणि सोडून दे

कॉल करणारं फंक्शन स्वतः काहीच वाचत नाही. ते एक नवा आयडी बनवतं, रिकामं ‘फ्युचर’ (पुढे येणाऱ्या उत्तरासाठी राखलेली जागा) त्या आयडीसमोर पेंडिंग यादीत टाकतं, मेसेज पाठवतं आणि फ्युचर भरलं जाण्याची वाट बघतं. भरायचं काम वाचणाऱ्या लूपचं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी यादीत नोंद, मग पाठवणं. उलट केलंत तर उत्तर इतक्या चटकन येऊ शकतं की नोंद व्हायच्या आत लूप ते ‘अनोळखी आयडी’ म्हणून फेकून देईल. लॅपटॉपवर, जिथे दोन्ही बाजू एकाच मशीनवर असतात, हे पटकन घडतं.

आता ‘वेगळं टास्क सोड’ या शब्दांकडे पुन्हा बघा. लूपमध्येच हँडलरला अवेट केलं तर काय होतं? समजा चार्जरकडून ‘स्टार्टट्रान्झॅक्शन’ आला. तुमच्या हँडलरला वाटलं, उत्तर द्यायच्या आधी चार्जरकडून एक सेटिंग विचारून घेऊ. त्याने चार्जरला ‘गेटकॉन्फिगरेशन’ पाठवलं आणि उत्तराची वाट बघत बसला. चार्जरने उत्तर पाठवलं. ते सॉकेटच्या बफरमध्ये येऊन पडलंही. पण ते वाचणार कोण? वाचणारा लूप हँडलर संपण्याची वाट बघतोय, आणि हँडलर वाचणाऱ्या लूपची. किल्ली घरात राहिली आणि दार ओढलं गेलं, तशी गत. कुठेही एरर नाही, सीपीयू शांत, कनेक्शन जिवंत, फक्त काहीच होत नाही. टाइमआउट लागला की हँडलर सुटतो आणि लूप पुन्हा चालू होतो, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की ‘चार्जर मधूनमधून स्लो होतो’.

हे दुखणं, म्हणजे डेडलॉक, दुतर्फी आरपीसीच्या पाचवीलाच पुजलेलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूसीएफ या फ्रेमवर्कमध्ये क्लायंटचा कॉल चालू असताना सर्व्हरने त्याच क्लायंटला उलटा कॉल केला, की ‘हे केलं तर डेडलॉक होईल’ अशा अर्थाचं एक्सेप्शन यायचं. तिथे निदान सांगितलं तरी जायचं. तुमच्या हाताने लिहिलेल्या लूपमध्ये कोणी सांगणार नाही.

टास्क सोडण्याचे दोन बारकावे आहेत. पायथनचा इव्हेंट लूप टास्कचा कमकुवत संदर्भच धरून ठेवतो, त्यामुळे तुम्ही स्वतः कुठेतरी संदर्भ ठेवला नाहीत तर चालू टास्क मधेच कचऱ्यात जाऊ शकतं. एक सेट ठेवा, टास्क सुरू होताना त्यात घाला, संपलं की काढा. आणि टास्कच्या आत फुटलेलं एक्सेप्शन आपोआप समोरच्यापर्यंत जात नाही. हँडलरभोवती ट्राय-एक्सेप्ट घालून प्रकार ४ चा मेसेज तुम्हालाच पाठवायचाय. नाहीतर समोरचा बिचारा टाइमआउटपर्यंत बसून राहील.

इतकं करूनही डेडलॉकचा एक चुलतभाऊ उरतो. तुमचा लूप मोकळा असला तरी समोरचा चार्जर कसा लिहिलाय हे तुमच्या हातात नाही. स्वतःच्या कॉलचं उत्तर येईपर्यंत दुसरं काही हाताळायचंच नाही, असा फर्मवेअर असू शकतो. तुम्ही त्याला उत्तर द्यायच्या आधी उलट प्रश्न विचारलात, की दोन मशीनांत मिळून तीच कोंडी. म्हणून माझा नियम: आधी उत्तर द्या, मग प्रश्न विचारा. हँडलरने फक्त उत्तर तयार करून पाठवावं. उलटे कॉल त्यानंतरच्या वेगळ्या टास्कमध्ये.

चौथी पायरी: पहिला कॉल, चार्जरकडून

कनेक्शन झाल्यावर खोटा चार्जर (चार्जरची नक्कल करणारा आपलाच छोटा प्रोग्राम) ‘बूटनोटिफिकेशन’ पाठवतो. सर्व्हर तीनपैकी एक उत्तर देतो. ॲक्सेप्टेड म्हणजे ये, कामाला लाग. रिजेक्टेड म्हणजे दिलेल्या इंटरव्हलइतका वेळ गप्प बस. आणि पेंडिंग. या पेंडिंगमध्ये चार्जरने आपणहून कॉल करायचे नाहीत, पण सर्व्हर त्याला कॉल करून सेटिंग बदलू शकतो. फक्त चार्जिंग सुरू-बंद करायचे कॉल तेवढे चालत नाहीत. आधी सर्व्हरने चार्जरची घडी बसवायची आणि मग त्याला ‘ये’ म्हणायचं, ही सोय दुतर्फी असल्याशिवाय जमलीच नसती.

ॲक्सेप्टेड मिळालं की इंटरव्हल म्हणजे दर किती सेकंदांनी हार्टबीट (‘मी जिवंत आहे’ असं सांगणारा छोटा कॉल) पाठवायचा तो आकडा. चार्जरने आपलं घड्याळही करंटटाइमवरून लावून घ्यायचं.

पाचवी पायरी: उलटा कॉल

आता सर्व्हरकडून ‘रिमोटस्टार्टट्रान्झॅक्शन’. डिक्शनरीतून ‘पुणे-०७’चं कनेक्शन काढा आणि मघाचंच कॉल फंक्शन वापरा. तेच, कारण आरपीसीचा थर दोन्ही बाजूंना सारखा असायला हवा. कनेक्शन, पेंडिंग यादी, हँडलरची यादी, वाचणारा लूप हे सगळं एका क्लासमध्ये ठेवा आणि चार्जर-सर्व्हर दोघांतही तोच क्लास वापरा. फरक राहील तो फक्त हँडलरांचा. सर्व्हरसाठी एक आणि क्लायंटसाठी दुसरा असे दोन क्लास लिहायला लागलात तर कुठेतरी रचना चुकतेय असं समजा.

ओसीपीपीची एक अट इथे लागू होते: एका कनेक्शनवर एका बाजूचा एकच कॉल अनुत्तरित असावा. आधीच्याला उत्तर मिळालं किंवा त्याचा टाइमआउट झाला, की मगच पुढचा. दोन्ही बाजूंचे कॉल मात्र एकमेकांना वाटेत ओलांडू शकतात. म्हणजे कॉल फंक्शनला प्रत्येक कनेक्शनमागे एक लॉक हवं, आणि ते लॉक फक्त स्वतःच्या कॉलसाठी. येणारे कॉल हाताळताना त्याला हात लावू नका.

चार्जरने ‘ॲक्सेप्टेड’ म्हटलं. झालं का चार्जिंग सुरू? नाही! त्याने फक्त ‘ऐकलं, बघतो’ एवढंच म्हटलंय. गाडीची केबल लावलेली नसेल, गाडीच तयार नसेल. खरोखर सुरू झाल्यावर चार्जर स्वतः ‘स्टार्टट्रान्झॅक्शन’ हा वेगळा कॉल करतो, आणि त्याच्या उत्तरात सर्व्हर ट्रान्झॅक्शनचा आयडी देतो. ॲपवर ‘चार्जिंग सुरू झालं’ हे या दुसऱ्या कॉलनंतरच दाखवायचं. पहिल्याच उत्तरावर हिरवी खूण दाखवणारी ॲप्स असतात, आणि मग गिऱ्हाईक कस्टमर केअरला भांडतं. प्रोटोकॉल कोणताही असो, लांब चालणाऱ्या कामाचा निकाल त्या कॉलच्या उत्तरात कोंबू नका. उत्तरात फक्त स्वीकार द्या, निकाल उलट्या कॉलने येऊ द्या. तो मार्ग आपल्याकडे आहेच.

सर्व्हरचे एकापेक्षा जास्त प्रोसेस चालत असतील तर आणखी एक गाठ. ॲपची विनंती प्रोसेस ‘क’कडे आली आणि चार्जरचं कनेक्शन आहे प्रोसेस ‘ख’कडे. वेबसॉकेट काही डेटाबेसमध्ये ठेवता येत नाही. कोणता चार्जर कोणत्या प्रोसेसकडे आहे याची नोंद रेडिससारख्या सामायिक ठिकाणी ठेवा आणि कॉल तिकडे पोहोचवा. सुरुवातीला एकच प्रोसेस ठेवा, हे नंतर जोडता येतं.

सहावी पायरी: टाइमआउट

प्रत्येक कॉलला टाइमआउट हवा. तीस सेकंदांपासून सुरुवात करा. पायथनच्या ‘वेट-फॉर’ने फ्युचरला गुंडाळलंत की वेळ संपताच ते फ्युचर रद्द होतं. मग पस्तिसाव्या सेकंदाला उत्तर आलं, तर? वाचणारा लूप रद्द झालेलं फ्युचर भरायला जातो, इनव्हॅलिडस्टेटएरर फुटतो, आणि लूपच मरतो. एका उशिरा आलेल्या उत्तरापायी अख्खं कनेक्शन बहिरं. म्हणून कॉल फंक्शनच्या ‘फायनली’मध्ये तो आयडी यादीतून काढा, आणि लूपमध्ये भरण्यापूर्वी फ्युचर आधीच निकाली निघालंय का ते तपासा. उशिरा आलेलं उत्तर लॉगमध्ये मात्र जरूर लिहा. अशी उत्तरं वाढू लागली की कुठेतरी नेटवर्क किंवा चार्जर दमलाय हे आधीच कळतं.

टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. कॉल वाटेत हरवला, की काम झालं पण उत्तर हरवलं, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून दोनदा आला तरी नुकसान होणार नाही असे हँडलर लिहा. नेटवर्क गेलेलं असताना चार्जर व्यवहाराचे मेसेज साठवून ठेवतो आणि नंतर पाठवतो. त्यात एखादा ‘स्टार्टट्रान्झॅक्शन’ दुसऱ्यांदा येऊ शकतो. कनेक्टर, कार्डाचा टॅग आणि वेळ तिन्ही तेच असतील तर नवी नोंद करू नका, जुनाच ट्रान्झॅक्शन आयडी परत द्या. नाहीतर गिऱ्हाइकाला दोन बिलं जातील.

सातवी पायरी: तुटणं आणि पुन्हा जुळणं

प्रोसेस मारला की समोरच्याला लगेच कळतं, कारण ऑपरेटिंग सिस्टीम सॉकेट बंद करते. लिफ्टच्या मागे सिमची रेंज गेली तर कोणालाच काही कळत नाही. दोघांनाही कनेक्शन उघडंच दिसतं. यासाठी वेबसॉकेटमध्ये पिंग-पाँग आहे. वेबसॉकेट्स पॅकेज मूळ सेटिंगनुसार दर वीस सेकंदांनी पिंग पाठवतं आणि वीस सेकंदांत पाँग आला नाही तर कनेक्शन तोडतं. ते बंद करू नका. सर्व्हरच्या पुढे एन्जिनएक्स हा प्रॉक्सी असेल तर त्याचा वाचण्याचा टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो, आणि अपग्रेडचे हेडर पुढे पाठवायलाही त्याला वेगळं सांगावं लागतं. ‘बरोबर एका मिनिटाने तुटतं’ हे ऐकलं की आधी तिकडे बघा.

पिंग असल्यावर हार्टबीट कमी केले तरी चालतात, पण घड्याळ जुळवण्यासाठी २४ तासांत निदान एक तरी पाठवावा असा सल्ला प्रोटोकॉलमध्येच आहे.

कनेक्शन तुटलं त्याच क्षणी पेंडिंग यादीतल्या सगळ्या फ्युचरमध्ये ‘कनेक्शन तुटलं’ हे एक्सेप्शन भरा. टाइमआउटची वाट बघत ठेवायचं कारण नाही, त्या कॉलचं उत्तर आता या कनेक्शनवर येणारच नाही.

पुन्हा जोडताना चार्जरने थांबण्याचा वेळ दर वेळी वाढवत न्यायचा आणि त्यात थोडा यदृच्छ फरक मिसळायचा. नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळे चार्जर एकाच सेकंदाला दारावर येतात आणि तो पुन्हा आडवा होतो.

आणि आता माझा सगळ्यात नावडता बग. ‘पुणे-०७’ची रेंज गेली, सर्व्हरला कळलं नाही. चार्जर नव्याने जोडला गेला, डिक्शनरीत नवं कनेक्शन आलं. वीस-तीस सेकंदांनी जुन्या कनेक्शनचा पिंग फसला आणि त्याचा आवराआवरीचा कोड चालला: ‘डिक्शनरीतून पुणे-०७ काढ’. त्याने काढलं ते नवं, चालू कनेक्शन! आता चार्जर जोडलेला आहे, त्याचे कॉल येतायत, त्यांना उत्तरंही जातायत, पण सर्व्हरला तो ‘ऑफलाइन’ दिसतो आणि उलटा कॉल काही करता येत नाही. उपाय एका ओळीचा आहे: काढण्यापूर्वी डिक्शनरीतलं कनेक्शन तेच आहे का ते तपासा, नावावर जाऊ नका.

‘चार्जर पुन्हा जोडला की बूटनोटिफिकेशन येईलच, तेव्हा त्याला ऑनलाइन दाखवू’ असंही लिहू नका. १.६ म्हणतं, माहितीत काही बदल नसेल तर नुसत्या पुन्हा जोडण्याने बूटनोटिफिकेशन पाठवू नये. ऑनलाइन आहे की नाही हे कनेक्शनवरूनच ठरवा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात

टीएलएसशिवाय (कनेक्शनच्या एन्क्रिप्शनशिवाय) बाहेर पडू नका. पत्त्यातली ओळख हा पुरावा नव्हे, तो कोणीही टाइप करू शकतो. पासवर्ड किंवा क्लायंट सर्टिफिकेट हवंच. आलेल्या नावावरून क्लासमधलं फंक्शन आपोआप शोधून चालवणारा कोड लिहू नका, हँडलरची यादी हाताने नोंदवा आणि यादीत नसलेल्याला ‘नॉटइम्प्लिमेंटेड’ द्या. दुतर्फीमध्ये हे क्लायंटलाही तितकंच लागू आहे, कारण आता तोही दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करतो. ‘फर्मवेअर या पत्त्यावरून उतरवून घे’ हा देखील ओसीपीपीतला एक कॉलच आहे.

दुसरे पर्याय

जीआरपीसी या आरपीसी फ्रेमवर्कमध्ये दोन्ही बाजूंनी वाहणारा स्ट्रीम मिळतो, पण कॉल सुरू करणारा नेहमी क्लायंटच. सर्व्हरला उलटा कॉल हवा असेल तर त्या स्ट्रीमवर आयडी आणि पेंडिंग यादी तुम्हालाच मांडावी लागते. डॉटनेटमध्ये असाल तर सिग्नलआर ही लायब्ररी घ्या. डॉटनेट ७ पासून सर्व्हर क्लायंटला कॉल करून उत्तराची वाट पाहू शकतो. कोड एडिटर आणि भाषेचा सर्व्हर यांच्यातला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जेसन-आरपीसीवर आहे आणि तोही दुतर्फी: एडिटर सुचवण्या मागतो, सर्व्हर उलट एडिटरला ‘या फाइलमध्ये एवढा बदल कर’ असा कॉल करतो. तिथे वेबसॉकेटसुद्धा लागत नाही, साध्या इनपुट-आउटपुटवर भागतं.

तपासणी

सगळं सुरळीत चालतंय हे दाखवणारी टेस्ट लवकर हिरवी होते आणि फारसं काही शिकवत नाही. आधी दोन्ही बाजूंना प्रत्येक मेसेजची एक ओळ लॉग करा: वेळ, चार्जरची ओळख, दिशा, प्रकार, आयडी, नाव. दोन खिडक्या शेजारी ठेवल्या की गडबड नुसत्या डोळ्यांनी दिसते.

मग मुद्दाम मोडा. खोट्या चार्जरच्या हँडलरमध्ये पस्तीस सेकंदांची झोप घाला आणि उशिरा आलेल्या उत्तराने लूप मरत नाही ना ते पाहा. दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी कॉल सोडा. हँडलरमधून उलटा कॉल करून बघा. प्रोसेस मारण्याऐवजी फायरवॉलचा नियम लावून पॅकेट गुपचूप गिळायला लावा, तेवढ्यात त्याच ओळखीचा दुसरा खोटा चार्जर जोडा, आणि मिनिटभराने सर्व्हरकडून ‘रिमोटस्टार्टट्रान्झॅक्शन’ करा. तो दुसऱ्या चार्जरपर्यंत पोहोचला, तर खरा चार्जर जोडायला हरकत नाही.